प्रत माहितीसाठी

शामकांत खिस्ती यांच्या हातून चौतीस वर्षांत एकही कागद गहाळ झाला नाही. महसूल खात्यात बारनिशीचं, म्हणजे आवक-जावकचं टेबल त्यांनी आधी कोपरगावला आणि राहाता तालुका वेगळा झाल्यावर राहात्याला सांभाळलं. त्या काळात साहेब अकरा बदलले, कपाटं तीन बदलली, डोक्यावरचा पंखा एकदा बदलला, पण खिस्त्यांच्या टेबलावरून कागद गेला असं कधी झालं नाही. त्यामुळे एका सोमवारी सकाळी राजेश्वरीबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "माझी कथा शुक्रवारी पाचच्या आत ई-मेलनं पुण्याला पोचायला हवी. दिशाच्या दुकानातून पाठवते," तेव्हा शामकांतांचा चेहरा असा झाला, की घरात चोर शिरलाय, घरात निवृत्त सुभेदार बसलाय, आणि बायको हाक मारतेय शेजाऱ्याला.

"घरात संगणक असताना आपलं टपाल बाहेरून जाणार?"

"तो सुरू तरी होतो का?"

"होतो," शामकांत म्हणाले. सुरू होत होता हे खरंच होतं. त्यापुढे तो काय करायचा, हे राजेश्वरीबाईंनी विचारलं नव्हतं.

इथे प्रकरणाची थोडी पार्श्वभूमी देणं भाग आहे, पण थोडीच. राजेश्वरीबाई तीस वर्षं कथा लिहीत होत्या. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात, वह्यांच्या मागल्या पानांवर. पाठवलेल्या सगळ्या कथा आभारासह परत आल्या होत्या, आणि त्यांची आवक नोंद नवऱ्यानं तारीखवार ठेवलेली असल्यामुळे विसरायचीही सोय नव्हती. या खेपेला मात्र पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादक देवश्री साने यांनी स्वतः फोन केला. कथा आवडली, शेवट जरा नीट करा, शुक्रवारी पाचपर्यंत मेल करा. त्यानंतर अंक छपाईला जातो, मग माझ्या हातात काही राहत नाही. बाईंनी शेवट नीट केला. दिशानं आपल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात तो टाईप केला आणि सगळी कथा पेन ड्राइव्हवर घालून दिली.

"देते तुमच्याकडे," राजेश्वरीबाई शेवटी म्हणाल्या, "पण एक अट. वाचायची नाही. छापून आल्यावर वाचा."

"मी आयुष्यात कधी बंद लखोटा फोडलेला नाही."

तेही खरं होतं. बाईंनी पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. लहान मुलाच्या हातात काचेचा पेला द्यावा, तसा, आपला हात खाली धरून.

संगणक होता चिरंजीवांचा, अवधूतच्या इंजिनिअरिंगच्या काळातला. त्याच्यावर जुन्या साडीचा शिवलेला झगा होता. झगा काढून शामकांतांनी मेलचं पान उघडायला लावलं, चहा केला, प्याला, कप विसळला, आणि परत येऊन पाहिलं तर पडद्यावर एक गोल आपला फिरतच होता. तासाभरानंतरही फिरत होता. शामकांतांनी पुण्याला अवधूतला फोन लावला.

"बाबा, ते मशीन आता अशी जड पानं उचलणार नाही. मी मागं त्याच्यावर लिनक्स टाकून ठेवलंय ना, त्यात मट नावाचा ई-मेलचा एक प्रोग्राम आहे. नुसती अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही. जुन्या मशीनवरही पळतो. पण सगळं सेटिंग एका फाईलमध्ये हातानं लिहावं लागतं. तुम्हाला नाही जमायचं. आईला म्हणावं, दिशाकडून पाठव."

शेवटची दोन वाक्यं अवधूतनं उच्चारली नसती, तर ही कथा मेथीपाशीच संपली असती.

शामकांतांना तो प्रोग्राम पहिल्या नजरेतच पटला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. कचेरीत पहिला संगणक आला आणि साहेबांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, तेव्हा तो असाच दिसत होता. शिवाय सगळं एका फाईलमध्ये लिहायचं. संगणकवाले इतकी वर्षं भरकटून अखेर आपल्या मताला आले, असं त्यांना वाटलं. कारण खिस्त्यांच्या घरात फाईल ही चेष्टेची गोष्ट नव्हती. घरातला प्रत्येक कागद सरकारी रिवाजाप्रमाणे वर्ग केलेला असे: 'अ' म्हणजे कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं आणि 'ड' वर्षभर ठेवून नष्ट. विजेचं बिल 'ड'. अवधूतच्या गुणपत्रिका 'ब', आणि दहावीच्या गणिताची तेवढी 'क'.

मंगळवारी फोनवरून जुळणी सुरू झाली.

"आता लिहा, एस-एम-टी-पी, मग अंडरस्कोअर."

"म्हणजे?"

"खालची रेघ, बाबा. वजाबाकीच्या बटणावर आहे, शिफ्ट दाबून."

"वजाबाकी कुठे आहे?"

असे दोन तास गेले. अवधूतची तिकडे मीटिंग चालू होती. तो मधूनच इंग्रजीत कुणाला तरी 'एक मिनिट' म्हणायचा. इकडे दारात सूर्यभान गाडेकर येऊन उभे राहिले. गाडेकरांचा पेरूचा बाग गावाबाहेर, पण घर भिंतीला भिंत लावून, आणि सल्ला मोफत.

"काय चाललंय, भाऊसाहेब?"

"ई-मेलची जुळणी."

"आवं, आमचं पोरगं तं मोबाईलवर नुसतं बोट मारतंय आन जातंय की समदं."

"मोबाईलवरून गेलेल्या टपालाला जावक क्रमांक कुठे टाकणार, सूर्यभानराव?"

सूर्यभान विचारात पडले. आजवर त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "त्ये बी खरंच हाय," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. ते शुक्रवारपर्यंत फारसे उठले नाहीत.

जुळणी करून शामकांतांनी कळ दाबली, तर पडद्याच्या तळाशी एक इंग्रजी ओळ आली. अर्थ असा, की समोरच्या सर्व्हरचा दाखला अद्याप लागू झालेला नाही. दाखला म्हटल्यावर शामकांत सावरून बसले; हा आपला प्रांत. कुणाचा दाखला, कुणी दिला, शिक्का आहे का?

"बाबा, तुमच्या मशीनवर तारीख काय दिसतेय?"

"एक जानेवारी दोन हजार आठ."

"मग बरोबर. आतला सेल गेलाय. लाईट गेली की तारीख मागं जाते. त्याला वाटतंय, दाखला पुढच्या काळातला आहे."

शामकांतांनी कळांवरून हात मागे घेतला. कचेरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या एकानं एकदाच मागची तारीख घालून जावक केलं होतं. सहा महिने निलंबित होता, आणि त्याच्या पोरीची सोयरीक मोडता मोडता राहिली. आपल्या बायकोची कथा दोन हजार आठ सालच्या तारखेनं जाणार होती! त्यांनी राजेश्वरीबाईंना यातलं काही सांगितलं नाही. बाईंनी विचारलं, "गेली का?" हे म्हणाले, "प्रक्रिया सुरू आहे." हे उत्तर त्यांनी चौतीस वर्षं हजारो माणसांना दिलं होतं. ते ऐकणाऱ्याच्या पोटात काय होतं, हे त्यांना बायकोचा चेहरा पाहून पहिल्यांदा कळलं.

सेलसाठी बुधवारी सूर्यभानांच्या मोटारसायकलवरून घड्याळवाल्याकडे जाणं झालं. घड्याळवाला म्हणाला, हा मनगटातला नाही, भिंतीवरचाही नाही, कुठल्या घड्याळाचा? शामकांत म्हणाले, सरकारी वेळेचा. सेल मिळाला. बसवताना संगणकाच्या पोटातून एक स्क्रू खाली पडला, तो कुठचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो शामकांतांनी पाकिटात घालून वर 'संगणक, सुटा भाग, वर्ग ब' असं लिहून ठेवला.

मग संकेतशब्दाचं प्रकरण. नेहमीचा संकेतशब्द या प्रोग्रामला चालत नव्हता. वेगळा, सोळा अक्षरांचा घ्यायचा होता, आणि तो घेण्यापूर्वी खात्री म्हणून सहा आकडे यायचे होते राजेश्वरीबाईंच्या मोबाईलवर, कारण शामकांतांच्या मेल-खात्याला नंबर त्यांचा जोडलेला होता. राजेश्वरीबाई होत्या सत्यशीलाताईंच्या भजनी मंडळात, चार गल्ल्या पलीकडे, मोबाईलसह. शामकांत धावत गेले, आकडे कागदावर उतरवले, धावत आले, तोवर त्यांची मुदत संपली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला सूर्यभान आपल्या फोनवरून तिकडे जोडलेले, सत्यशीलाताईंनी पेटी थांबवलेली, आणि सगळ्या मंडळानं ते सहा आकडे टाळांच्या ठेक्यावर एकसुरात सांगितले. मुदतीत बसलं.

आता ज्या ओळीनं घात केला तिच्याकडे येऊ.

त्या फाईलमध्ये एक ओळ अशी लिहिता येते, की तुम्ही पाठवाल त्या प्रत्येक पत्राची प्रत ठरलेल्या पत्त्यांवर आपोआप जाते. अवधूतनं नमुना वाचताना ती वाचली आणि म्हणाला, "ही ऐच्छिक आहे, बाबा. सोडून द्या."

रकाना कोरा सोडायचा! शामकांतांनी हयातीत एकही रकाना कोरा सोडला नव्हता. जिथे माहिती नसे, तिथे ते 'निरंक' लिहीत. आणि प्रतीशिवाय पत्र ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. ज्या पत्राखाली 'प्रत माहितीसाठी' नाही, ती त्यांच्या मते नुसती चिठ्ठी. फोन ठेवल्यावर त्यांनी शांतपणे ती ओळ लिहिली आणि तिच्यात पाच पत्ते घातले. एक अवधूत. दोन सूर्यभान, कारण ते शेजारीच बसले होते. तीन सत्यशीलाताई, त्यांनी आकड्यांबाबत सहकार्य केल्याबद्दल. चार बिभीषण ढाकणे, जुने सहकारी आणि निवृत्त कर्मचारी संघाचे चिटणीस. पाच स्वतः, कार्यालयीन नस्तीसाठी, म्हणजे फाईलला लावायला.

गुरुवारी चाचणी झाली. पत्र लिहायची खिडकी उघडली, 'महोदय' लिहिलं, आणि पुढे त्या खिडकीतून बाहेरच पडता येईना. बटण दाबावं तर पीं वाजे. सूर्यभान म्हणाले, "मेन स्विच पाडा. आमची मोटार आडली की आमी त्येच करतो." पाडला. लिहिलेलं 'महोदय' गेलं, खिडकी गेली, राजेश्वरीबाईंचं मिक्सरमधलं वाटण अर्धवट राहिलं. अखेर अवधूतनं फोनवर बाहेर पडायच्या कळा सांगितल्या. त्या शामकांतांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात लिहून ठेवल्या. दुपारी चाचणीचं पत्र गेलं. संध्याकाळी सूर्यभान म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं पत्र आलं बरं का. काय कार्यवाही करायची?"

"काही नाही. माहितीसाठी होतं."

सत्यशीलाताईंनीही मिळाल्याचं कळवलं. बिभीषणांनी तर रीतसर पोच दिली. त्या रात्री शामकांत चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवार उजाडला तो नेहमीसारखा, आणि दीड वाजता लाईट गेली.

अडीच वाजले. तीन वाजले. शामकांत काळ्या पडद्यासमोर बसून होते. आता तो खरोखरच काळा होता. दिशाच्या दुकानात इन्व्हर्टर होता, पण दिशा मावसबहिणीच्या साखरपुड्याला सोनईला गेलेली, दुकानाला कुलूप. राजेश्वरीबाई तीनदा आत-बाहेर करून गेल्या.

"सूर्यभानरावांच्या मोबाईलवरून..."

"तो पेन ड्राइव्ह मोबाईलला कसा लावणार?"

"काहीतरी पिन मिळते म्हणे."

"येईल लाईट," शामकांत म्हणाले. राजेश्वरीबाईंनी पदराला हात पुसले आणि सत्यशीलाताईंकडे निघून गेल्या. घरात बसणं त्यांना शक्य नव्हतं, हे शामकांतांना कळलं. बारनिशीच्या खिडकीपुढून माणसं अशीच निघून जायची, तेव्हा त्यांनी कधी मान वर केली नव्हती.

चार दहाला लाईट आली. संगणक सुरू व्हायला पंधरा मिनिटं. तारीख बरोबर! आता कथा पत्रात आणायची होती, आणि इथे न वाचण्याची अट आडवी आली. कथा पडद्यावर येणार म्हणजे डोळ्यांसमोर येणार. शामकांतांनी कॅलेंडर खुंटीवरून काढलं आणि पडद्यावर आडवं धरलं. फक्त तळाची एक ओळ मोकळी ठेवली. एका हातानं कॅलेंडर, एका हातानं कळा. असं त्यांनी संपादकांचा पत्ता घातला, कथा आणली, बाहेर पडले, आणि 'पाठवा'ची कळ दाबली. तळाला ओळ आली: पत्र पाठवले. चार बत्तीस.

त्यांनी नव्या जावक नोंदवहीत क्रमांक एक टाकला. घाईत एक हा आकडा सात झाला, तो खोडून त्यांनी सही केली. मग डोळे मिटून बसले.

चार एक्केचाळीसला सूर्यभान आले. हातात मोबाईल, आणि तोंड असं, की हसू एका गालात कोंबलंय.

"भाऊसाहेब, रागावू नका. दूधवाल्याच्या चिठ्ठीवर बी खरंच जावक नंबर टाकता व्हय तुमी?"

"कुणी सांगितलं?"

"वैनींनी लिवलंय की. आन त्यो चष्मा! बायकोला कारणे दाखवा नोटीस, आन चष्मा कपाळावर! लई हसलो, भाऊसाहेब. आमच्या मंडळींनाबी वाचून दावलं."

शामकांतांना आधी काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. कॅलेंडरमागे कथा एकटी नव्हती. तिच्या डोक्यावर ती प्रतींची ओळही होती. फोन वाजला. बिभीषण.

"खिस्ती, तुमचं टपाल मिळालं. संघाच्या मेलवर आलं म्हणजे ते सर्वांच्या माहितीसाठी. नियमाप्रमाणे सगळ्या सभासदांना रवाना केलं."

"किती सभासद?" शामकांतांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"एकशे त्रेचाळीस. हयात."

फोन ठेवताना पडद्यावर एक नवीन पत्र दिसलं. संपादकांच्या सर्व्हरकडून. पत्र परत, पत्त्यावरची पेटी भरलेली आहे. शामकांतांनी ते दोनदा वाचलं. चौतीस वर्षांत न घडलेली गोष्ट घडली होती, आणि तीही पूर्णपणे. ज्यांना जायला नको त्या सर्वांना कथा पोचली होती. जिला पोचायला हवी, तिलाच नाही.

संपादकांना फोन लागायला आठ मिनिटं गेली. "अहो, सगळ्यांनी आजच पाठवलंय," देवश्रीबाई म्हणाल्या. "पेटी भरणारच. रिकामी करते आता. सहापर्यंत थांबते तुमच्यासाठी. त्याच्या पुढे एक मिनिटही नाही हं. परत पाठवा."

परत पाठवायचं. पण आपण पाठवतोय ते नेमकं काय? पाच नंबरची प्रत त्यांच्या स्वतःच्या पेटीत येऊन पडली होती, त्यांच्याच नावानं. बंद लखोटा फोडायचा नाही हे खरं. पण आपल्या नावानं आलेलं टपाल न वाचणं हा कर्तव्यात कसूर. अर्ध्या राहात्यानं वाचलेली गोष्ट त्यांनी उघडली.

त्या पडद्यावर मराठीच्या वेलांट्या अक्षरांपासून सुटून बाजूला उभ्या राहत होत्या, त्यामुळे वाचायला वेळ लागत होता. कथेत एक वामनराव होते. वामनराव दूधवाल्याला क्रमांकानिशी चिठ्ठ्या देत. वामनराव हरवलेल्या चष्म्यासाठी बायकोला नोटीस देत आणि चष्मा कपाळावर सापडल्यावर 'प्रकरण निकाली' असा शेरा मारत. वामनराव पाहुण्यांना, "बसा, कामाचं स्वरूप?" असं विचारत. शामकांत चूक शोधत पुढे जात होते. एकही चूक नव्हती. त्यांचे कान गरम झाले.

शेवटी नाशिकचा दवाखाना होता. बायको तिथे एकवीस दिवस. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना मज्जाव. म्हणून वामनरावांनी नर्सबाईंच्या हाती वर पाठवलेलं पत्र. पत्र जसंच्या तसं दिलं होतं. विषय: घरी परत येणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण दि. ४ पासून घरी नाही. घरातील कामकाज पूर्ण ठप्प आहे. तरी आपण बरे होऊन तातडीने घरी हजर व्हावे, ही विनंती. प्रत माहितीसाठी: ग्रामदैवत श्री वीरभद्र, राहाता.

आणि कथेचं अखेरचं वाक्य: असला तो किरकोळ कागद तिनं इतकी वर्षं लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवला.

शामकांतांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि उठून लोखंडी कपाट उघडलं.

पाच चाळीसला राजेश्वरीबाई आल्या. चेहरा लाल.

"मंडळात सत्यशीलाताईंनी मोबाईलवरून सगळ्यांना वाचून दाखवली. माझ्यादेखत! मला वाटलं, भुईत जावं. काय केलंत हो तुम्ही?"

"प्रत गेली. माहितीसाठी."

"संपादकांना पोचली ना?"

"त्या सोडून सगळ्यांना."

राजेश्वरीबाई मटकन खुर्चीवर बसल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या. नका पाठवू आता. तुमची सगळ्या गावात शोभा केली मी. छापून आणखी ती पुण्यापर्यंत कशाला न्यायची? परत आलेल्या सहांमध्ये ही सातवी."

शामकांतांना पाच दिवस याच वाक्याची भीती वाटत होती. ते नेमकं कोणतं वाक्य असेल, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच अठ्ठेचाळीस.

"सरक जरा," ते म्हणाले. "उजेड अडतोय."

त्यांनी ती फाईल उघडली, प्रतींची ओळ शोधली आणि पाचही पत्ते एकेक करून पुसले. रकाना कोरा राहिला. 'निरंक'सुद्धा लिहिलं नाही. मग नवीन पत्र घेतलं. कॅलेंडर धरलं नाही. कथा आणली, आणि तिच्या शेवटी, सोबतचं पत्र खाली जोडायचं या त्यांच्या जुन्या सवयीनं, त्यांनी लिहायला सुरुवात केली. मराठी टायपिंगच्या परीक्षेत ते जिल्ह्यात तिसरे आले होते.

"विषय: कथा सादर करणेबाबत. महोदया, वरीलप्रमाणे सौ. राजेश्वरी खिस्ती यांची कथा सादर आहे. कथेतील पती हा इसम वर्णनावरून प्रस्तुत पत्रलेखकाशी मिळताजुळता आढळतो. त्याबाबत तक्रार नाही. तथापि अखेरच्या वाक्यात संबंधित पत्रास 'किरकोळ कागद' म्हटले आहे, ते वस्तुस्थितीस धरून नाही. कार्यालयीन प्रत आज कपाटातून काढून तपासली असता, सदर पत्र त्याच दिवशी 'अ' वर्गात, म्हणजे कायमस्वरूपी जतन करावयाच्या कागदांत, घेतल्याचे दिसून येते. आपल्या माहितीस्तव सविनय सादर. प्रत: कोणासही नाही."

बाई त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. त्यांनी वाचलं की नाही, हे शामकांतांनी मागे वळून पाहिलं नाही. एकादशीच्या चौकोनातल्या कळा दाबल्या. पाच सत्तावन्न. पत्र पाठवले.

मग दोघं पडद्यासमोर शेजारी शेजारी बसून राहिली. सहा वाजले, सहा दहा झाले. परत काही आलं नाही. म्हणजे पोचलं होतं. किंवा कुठल्यातरी पेटीच्या दाराशी अडकून पडलं होतं. पोच येईपर्यंत माणसाला कसं वाटतं, याचा अनुभव शामकांतांनी त्या संध्याकाळी भरपूर घेतला.

शनिवारी सकाळी पेटीत एकशे चव्वेचाळीस नवी पत्रं होती. एकशे त्रेचाळीस निवृत्त कर्मचाऱ्यांनी रीतसर पोच दिली होती. त्यांतल्या बासष्टांनी आपण वामनरावांना ओळखलं नसल्याचं मुद्दाम कळवलं होतं. एकानं नोटिशीच्या मसुद्यात दुरुस्ती सुचवली होती. सगळ्यांत वर देवश्री साने यांचं पत्र होतं. ते राजेश्वरीबाईंनी मोठ्यानं वाचलं.

"कथा अंकात घेतली आहे. तुमचा शेवट चांगला होताच, पण त्यानंतर जोडलेलं नवऱ्याचं पत्र म्हणजे कळस. तेच शेवटी ठेवलंय, एक अक्षर न बदलता. अशा माणसाचा आवाज इतका हुबेहूब कसा साधलात?"

राजेश्वरीबाई हसल्या. इतकं हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं आणि भिंतीपलीकडून सूर्यभानांनी विचारलं, "काय झालं वो वैनी?"

"आवाज साधला म्हणे," शामकांत म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या पत्रांपैकी पहिलंच छापून येणार होतं, आणि तेही काल्पनिक म्हणून. "नाव कुणाचं येणार?"

"माझं."

"आणि पत्राखाली सही?"

"वामनरावांची."

शामकांतांनी मान डोलावली. संपादकांचं पत्र नोंदवहीत चढवलं, आवक क्रमांक दिला, शेजारून सूर्यभानांच्या पोराकडून ते छापून आणलं आणि पंच करायला घेतलं. मग, कधी नव्हे ते, पेन बायकोपुढे धरलं.

"वर्ग तू घाल."

राजेश्वरीबाईंनी पेन घेतलं, कोपऱ्यात एक अक्षर लिहिलं आणि कागद परत दिला. शामकांतांनी पाहिलं. 'ब'.

"तीसच वर्षं?"

"पुरे की. तुम्ही तेव्हा शहाण्णव वर्षांचे असाल, आणि मी एक्याण्णव. पुढचं कुणी बघितलंय?"

शामकांतांनी क्षणभर हिशेब केला. मग कागद फाईलला लावला, दोरी घट्ट बांधली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

"मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज मी करीन. प्रत तुला."